खड्ड्याच्या आधीची भेग

(अभियंता दिनानिमित्त स्नेहलतागंज, इंदूर येथे दिलेले विश्वेश्वरय्या स्मृती व्याख्यान)



आजचा दिवस मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या जन्माचा. ते म्हैसूरचे, पण अभियांत्रिकी शिकले पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, खानदेश, पुणे असा त्यांच्या उमेदीचा काळ मराठी मुलखात गेला. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे अभियंत्यांच्या कित्येक पिढ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात धरणावर, पुलावर, मेट्रोवर बोलावे अशी अपेक्षा असते. मी रस्त्यावरच्या भेगेवर बोलणार आहे. सार्वजनिक पैशाची जेवढी नासाडी या केसाएवढ्या रेषेकडे दुर्लक्ष केल्याने होते, तेवढी दुसऱ्या कुठल्या बारीक गोष्टीने क्वचितच होत असेल, असे माझे मत रस्त्याच्या कामावर आयुष्य काढल्यावर झाले आहे.

पाऊस ओसरायला लागला की वर्तमानपत्रांत खड्ड्यांची छायाचित्रे येतात. अधिकारी पावसाकडे बोट दाखवतात, नागरिक ठेकेदाराकडे. पण आज दिसणाऱ्या खड्ड्याची सुरुवात बहुधा गेल्या हिवाळ्यात, किंवा त्याच्याही आधीच्या हिवाळ्यात झालेली असते. तेव्हा ती भेग होती. तिच्यावरून आपण रोज गेलो.

डांबरी रस्ता तुटतो कसा, ते आधी पाहू. गिट्टीला धरून ठेवणारे डांबर नवे असताना थोडे लवचिक असते. ऊन आणि हवा लागून ते वरच्या बाजूने कडक होत जाते. इंदुरात मे महिन्यात हवेचा पारा बेचाळीसच्या घरात असतो, तेव्हा काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो. तोच रस्ता जानेवारीच्या पहाटे दहा अंशांच्या आसपास येतो. थंडीत रस्ता आकसतो, कडक झालेल्या डांबराला तो ताण सोसत नाही आणि थर चिरतो. उन्हाळा आला की रस्ता पुन्हा पसरतो आणि भेग मिटल्यासारखी दिसते. जूनच्या तोंडावर, घाईघाईने, पावसाळापूर्व पाहणी करणाऱ्या माणसाला म्हणून ती दिसतच नाही. भेगा पाहायच्या त्या थंडीत, सकाळच्या तिरप्या उन्हात.

मग पाऊस येतो. पाणी भेगेतून खडीच्या थरात उतरते, तिथून मुरमात आणि शेवटी काळ्या मातीत. कोरडा असताना भक्कम वाटणारा हा पाया ओला झाला की मऊ पडतो. वरून पाण्याचा टँकर किंवा डंपर गेला की चाकाखाली दाबले गेलेले पाणी वाट मिळेल तिथून उसळते आणि बारीक माती सोबत घेऊन वर येते. पाऊस थांबून रस्ता वाळला तरी भेगेच्या दोन्ही कडांना मातकट, राखाडी डाग राहिलेले तुम्ही पाहिले असतील. रस्त्याच्या पोटातली माती बाहेर आल्याची ती खूण आहे. आत पोकळी झाली की वरचा थर चाकागणिक वाकतो आणि एका भेगेची जाळी होते. जाळीतला एक तुकडा निघाला की उरलेले निघायला वेळ लागत नाही. छायाचित्र छापले जाते ते इथे.

या साखळीत वाहनांचा वाटा सारखा नसतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची एक मोठी चाचणी झाली. मुद्दाम बांधलेल्या डांबरी आणि काँक्रीटच्या पट्ट्यांवर ठरावीक वजनाचे ट्रक पुन्हा पुन्हा फिरवले. त्यातून जो नियम निघाला त्यावर जगभरच्या रस्त्यांचे आराखडे आजही अवलंबून आहेत: अ‍ॅक्सलवरचा, म्हणजे चाकांच्या आसावरचा, भार दुप्पट झाला, तर रस्त्याचे नुकसान सुमारे सोळा पट होते. स्कूटरी आणि मोटारी कितीही धावल्या तरी रस्त्याला फारसे काही होत नाही. ओल्या पायावरून गेलेला गच्च भरलेला एकच डंपर मात्र पुष्कळ काही करून जातो. ज्या गल्लीत बांधकाम चालू असते तिथे भेगा का वाढतात, याचे उत्तर यात आहे.

माळव्याची जमीन हा आपला वेगळा प्रश्न. बेसॉल्टच्या खडकावर बसलेली ही काळी माती विदर्भ-मराठवाड्यातल्या मातीची सख्खी बहीण. कापसाला आणि गव्हाला उत्तम, रस्त्याला कठीण. तिच्यात मोंटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी पिऊन फुगते, वाळले की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. रस्त्याखालची माती डांबराच्या आड थोडी ओलसर राहते, पण कडेची उघडी माती वाळून खाली बसते. मग कडेपासून थोड्या अंतरावर, रस्त्याच्या लांबीला समांतर, एक लांबलचक भेग पडते. ती कितीही वेळा भरा, पुढच्या उन्हाळ्यात उघडते. तिथे भेग भरण्याआधी कडेची पट्टी मुरमाने पक्की करावी लागते आणि पाणी वाहून नेणारी नाली दुरुस्त करावी लागते. हे न करता निव्वळ डांबर ओतणाऱ्याने ठेकेदाराचे बिल वाढवले, एवढेच.

आता भेग भरायची कशी? हे काम दिसायला सोपे आणि करायला नाजूक आहे. तीन मिलिमीटरपेक्षा बारीक भेगांवर इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या डांबराचा, पातळ थर देऊन भागते. त्याहून रुंद भेगेला यंत्राने दोन्ही बाजूंनी सरळ खाच पाडतात, दाबाच्या हवेने तिच्यातली धूळ उडवतात, गरम हवेच्या नळीने ओल काढतात आणि मग रबर मिसळलेले सीलंट, म्हणजे भेग बंद करणारे मिश्रण, साधारण १८० ते १९० अंशांना तापवून ओततात. वरून पट्टी फिरवून ते सपाट करतात आणि टायरला चिकटू नये म्हणून दगडाची चुरी टाकतात. यातल्या प्रत्येक पायरीला कारण आहे. धुळीवर ओतलेले सीलंट धुळीला चिकटते, रस्त्याला नाही. ओल राहिली तर वाफ होऊन फुगे येतात. आणि रबराचे सीलंट थेट जाळावर तापवले तर जळते. त्यासाठी दुहेरी भांड्याची, मधे तेल असलेली भट्टी लागते. आपल्याकडे पिंप चुलाणावर चढवतात, झारीने डांबर ओततात आणि काम झाले म्हणतात. त्या काळ्या रेघा पुढच्या पावसात सोलून निघतात आणि मग भेगा भरण्यात काही अर्थ नाही, असा निष्कर्ष काढला जातो. चूक पद्धतीची, दोष मात्र कल्पनेला.

हंगामही पाळावा लागतो. भेग थंडीत सर्वांत रुंद असते, उन्हाळ्यात अरुंद. कडक उन्हाळ्यात भरली तर पुढच्या थंडीत सीलंटवर प्रमाणाबाहेर ताण येतो. ऐन कडाक्याच्या पहाटे भरली तर मे महिन्यात ते दाबले जाऊन वर येते. म्हणून हवा कोरडी आणि मध्यम असेल तो काळ निवडायचा. इंदूरच्या हिशोबाने दिवाळी ते होळी.

आणि एक भेद अभियंत्याने कधीच विसरू नये. चाकाच्या वाटेवर जाळी पडली असेल, तर ती भरून उपयोग नाही. पाया गेला आहे, तो भाग खणून काढून खालपासून बांधला पाहिजे. जाळीवर सीलंट ओतणे म्हणजे विरलेल्या कापडाला टाके घालणे. भेग भरण्याचा खरा फायदा रस्ता अजून धडधाकट असताना होतो, आणि नेमका तेव्हाच कोणालाही त्यासाठी पैसे मंजूर करावेसे वाटत नाहीत.

काँक्रीटकडे वळतो, कारण आता आपल्या गल्ल्या बहुतेक काँक्रीटच्या आहेत. काँक्रीटचा रस्ता केला की तीस वर्षांची निश्चिंती, असा समज पसरला आहे. काँक्रीट चिरतेच. ते घट्ट होताना आकसते, आणि रोजच्या ऊन-थंडीने पसरते-आखडते. साडेचार मीटर लांबीचा एक स्लॅब तीस अंशांच्या फरकाने सुमारे १.३५ मिलिमीटरने लांब-आखूड होतो. म्हणून कुठे चिरायचे ते आपणच ठरवून देतो: स्लॅबच्या जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढा काप ठरावीक अंतरावर पाडायचा, म्हणजे भेग त्या कापाखाली, सरळ रेषेत पडते. हा काप काँक्रीट ओतल्यावर काही तासांत पाडावा लागतो. कटरवाला दुसऱ्या दिवशी जेवणानंतर आला, तर तोवर काँक्रीटने आपली वाट आपणच निवडलेली असते. पुष्कळ गल्ल्यांत सरळ कापाला लागून एक वाकडी भेग धावताना दिसते. ती त्या उशिराची नोंद आहे.

गल्ल्यांतली आणखी एक भेग तुम्ही घरी जाताना पाहू शकाल. ड्रेनेजच्या चौकोनी चेंबरच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघालेल्या असतात. चौकोनी भोकाच्या कोपऱ्यांवर ताण एकवटतो, हे शाळेतल्या भौतिकशास्त्राइतके जुने ज्ञान आहे. चेंबरभोवती वेगळा सांधा सोडला आणि रस्त्याचे काप चेंबरच्या कडेशी जुळवून घेतले, तर त्या भेगा टळतात. त्यासाठी काम सुरू करण्याआधी कोणीतरी गल्लीत उभे राहून खडूने आखणी करायला हवी. एवढी गोष्ट होत नाही. त्यात भर क्युरिंगच्या हयगयीची. चौदा दिवस ओले ठेवायचे काँक्रीट दोन दिवसांनी कोरडे पडते, गोणपाटे वाऱ्याने उडून जातात. घोटताना वरून पाणी शिंपडणारा किंवा कोरडे सिमेंट भुरभुरणारा गवंडी पृष्ठभाग तेवढा गुळगुळीत करतो. त्या दुबळ्या सालीवर वर्षभरात बारीक भेगांचे जाळे उठते.

पाडलेले काप उघडे ठेवून चालत नाही. त्यांत पाणी जाते, आणि खडे अडकतात. उन्हाळ्यात स्लॅब पसरू पाहतात, मधे खडा असतो, आणि कडा फुटतात. म्हणून काप वरच्या बाजूला थोडा रुंद करतात, खाली फोमची दोरी दाबून बसवतात आणि वरून सिलिकॉन किंवा पॉलिसल्फाइडचे सीलंट भरतात. ते दोन्ही भिंतींनाच चिकटले पाहिजे, तळाला नाही. तिन्ही बाजूंना चिकटले की ताणताना फाटते. सिलिकॉनची जाडी साधारणपणे रुंदीच्या निम्मी ठेवतात. हे सीलंट काही वर्षांनी बदलावे लागते. आपल्या शहरात कोणी ते बदलताना तुम्ही पाहिले आहे का, हा प्रश्न मी तुमच्यावर सोपवतो.

कापाबाहेर पडलेली भेग लांबीच्या दिशेने असेल आणि स्लॅब शाबूत असेल, तर तिला तिरपी भोके पाडून आळीपाळीने दोन्ही बाजूंनी लोखंडी सळ्या इपॉक्सी या घट्ट चिकटणाऱ्या रसायनात बसवतात. भेगेची दोन अंगे एकमेकांना धरून राहतात. आडवी भेग खोलवर गेली असेल, तर तेवढा भाग पूर्ण जाडीने कापून नवा ओततात. बारीक भेगांत दाबाने इपॉक्सी भरतात. या शेवटच्या पद्धतीची बातमी २०२५ च्या सप्टेंबरात सगळ्या महाराष्ट्राने वाचली. समृद्धी महामार्गावर, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात माळीवाड्याजवळ, रात्री काही गाड्यांचे टायर फुटले. रस्त्यात खिळे ठोकले आहेत, लुटारूंचे काम आहे, अशा चित्रफिती फिरल्या. ते खिळे नव्हते. काँक्रीटमधल्या बारीक भेगांत इपॉक्सी भरण्यासाठी बसवलेल्या त्या नळ्या होत्या. भेगा वेळेत भरायला घेतल्या हे योग्यच होते. ती लेन रात्री वाहनांना पुरती बंद नव्हती हे अक्षम्य होते. त्या प्रसंगातून लोकांच्या लक्षात राहिले ते खिळे. नवा महामार्गही भेगाळतो आणि त्याची डागडुजी हा त्याच्या आयुष्याचा नेहमीचा भाग आहे, हे कोणी सांगितले नाही.

भेगा-खड्ड्यांवर उपाय नाही असे कोणी म्हणेल तर मी त्याला पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर नेईन. १९७० च्या दशकात, पावसाने पुण्याच्या रस्त्यांची दैना झाली असताना, महापालिकेच्या स्थायी समितीचे तरुण अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांनी पुढाकार घेतला आणि या रस्त्याचे काम रेकॉन्डो या कंपनीला मिळाले. खडी आणि डांबर गरम मिसळून घालण्याची हॉटमिक्स पद्धत आणि दहा वर्षांची हमी. रस्ता दहा वर्षे टिकलाच, पुढेही कित्येक वर्षे तो खड्ड्यांवाचून राहिला, आणि आजही पुणेकर त्याचे उदाहरण देतात. त्यात जादू नव्हती. पाण्याचा निचरा नीट होता, थर नीट दाबले होते, आणि पुढची दहा वर्षे काय होईल याची जबाबदारी बांधणाऱ्यावर होती. मला खटकते ते एवढेच की त्याच कंपनीला, त्याच अटींवर, शहरातले बाकीचे रस्ते का मिळाले नाहीत, हा प्रश्न लोक इतक्या वर्षांनंतरही विचारत आहेत.

पैशाचे काय? रस्त्यांसाठी वेगळा निधी असावा हा विचार या देशात एका मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली रुजला. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या समितीने १९२८ साली अहवाल दिला, पेट्रोलवर अधिभार बसला आणि १९२९ पासून मध्यवर्ती रस्ते निधी सुरू झाला. १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) ही रस्ते अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. आज डांबरी पृष्ठभागाच्या देखभालीसाठी आयआरसी ८२ आणि काँक्रीटच्या दुरुस्तीसाठी आयआरसी एसपी ८३ ही मार्गदर्शक पुस्तके कुठल्याही अभियंत्याला मिळतात. ज्ञानाची वाण नाही. पण नव्या रस्त्याला कोनशिला असते, नारळ असतो. भरलेल्या भेगेला उद्घाटन नसते. त्यामुळे भेग खड्डा होऊन, खड्डे रस्ता गिळेपर्यंत थांबायचे आणि मग नव्या रस्त्याची निविदा काढायची, हाच शहरांचा परिपाठ झाला आहे.

इथे मला या शहराच्याच इतिहासातली एक गोष्ट सांगायची आहे. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या कारकिर्दीत पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार इंदुरात आले. इंदूर दरबारासाठी त्यांनी लिहिलेला दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. जुन्या वस्त्या पाडून सरळ रस्ते काढण्याला त्यांचा विरोध होता. जे आहे ते राखून, थोडे कापून, थोडे सांधून नीट करावे, हे त्यांचे तत्त्व. ते आले तेव्हा शहरात प्लेगची भीती होती. त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलेली हकीकत अशी: त्यांनी दिवाळीला एक मोठी मिरवणूक काढण्याचे ठरवले आणि जाहीर केले की मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही, ज्या भागातली घरे आणि गल्ल्या सर्वांत चांगल्या साफ आणि दुरुस्त होतील, त्यांतूनच जाईल. शहर कामाला लागले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिमा होती, आणि शहर झाडणारे सफाई कामगार स्वच्छ कपड्यांत, सन्मानाने चालत होते.

शंभर वर्षांनंतर या शहराने सफाईच्या बाबतीत तीच गोष्ट खरी करून दाखवली. २०१७ पासून सलग अनेक वर्षे इंदूर स्वच्छतेत देशात अव्वल ठरले, आणि त्याचे मूळ कुठल्या भव्य बांधकामात नाही. पंच्याऐंशी वॉर्डांतल्या प्रत्येक दारापुढे रोज येणाऱ्या गाडीत आहे. रोजचे, न चुकणारे, बारीक काम हे शहर करू शकते. पण गेडिस यांच्या अटीत दोन शब्द होते, साफ आणि दुरुस्त. दुसरा आपण घेतला नाही. झाडून लख्ख केलेल्या गल्लीत उघडे सांधे आणि भेगाळलेले स्लॅब तसेच राहिले आहेत. पाण्याच्या, गॅसच्या, इंटरनेटच्या लाइनीसाठी नवा रस्ता कापला जातो आणि चर जेमतेम बुजवून माणसे निघून जातात. त्या चरीच्या दोन्ही कडा म्हणजे पाण्याला दिलेली दोन आमंत्रणे.

माझी मागणी मोठी नाही. महापालिकेने प्रत्येक झोनला भेगा भरणारे एक छोटे पथक द्यावे: एक भट्टी, एक कॉम्प्रेसर, खाच पाडणारे एक यंत्र, आणि शिकवलेली माणसे, ज्यांना कायम नोकरी आणि ओळख असेल. त्यांचा खर्च नव्या रस्त्यांच्या अंदाजपत्रकातून वेगळा काढून ठेवावा, म्हणजे तो दुसरीकडे वळणार नाही. नव्या गल्लीच्या ठेक्यात सांधे पुन्हा भरण्याची जबाबदारी लिहून घ्यावी. रस्ता कापणाऱ्या कंपनीकडून चरीच्या कडा सील करून घेतल्याशिवाय तिची अनामत परत करू नये.

आणि श्रोतेहो, तुमच्याकडे एक मागणे. दिवाळी आटोपली की एका सकाळी मुलांना आणि नातवंडांना घेऊन आपल्या गल्लीतून खडू हातात धरून चाला. जिथे भेग दिसेल तिथे खूण करा, छायाचित्र काढा, आणि महापालिकेच्या इंदूर ३११ अ‍ॅपवर तक्रार नोंदवा. खड्डा पडल्यावर नोंदवण्याची वाट पाहू नका. स्नेहलतागंजपासून सुरुवात करा. होळीच्या आत त्या भेगा भरल्या गेल्या की नाहीत, हे मार्चमध्ये वॉर्ड कार्यालयात जाऊन विचारा.